उणे शून्य व्होल्ट: कारखान्यातल्या यंत्रांशी सॉफ्टवेअर कसं बोलतं?

मी मॉडबसचा पहिला प्रोग्राम लिहिला तेव्हा फार खुश होतो. एका छोट्या वर्कशॉपमधल्या वीज मीटरमधून व्होल्टेज वाचायचं आणि ते फोनच्या ब्राउझरवर दाखवायचं, एवढंच काम होतं. आकडे यायला लागले आणि मला वाटलं, जमलं! तेवढ्यात तिथले इलेक्ट्रिशियन काका पॅनल उघडून एक कॉन्टॅक्टर बदलायला आले. मी फोन पुढे करून म्हणालो, "काका, सप्लाय आधीच बंद आहे. हे बघा, शून्य."

काकांनी फोनकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातला टेस्टर काढून लावला. दिवा लख्ख पेटला. मग मेन स्विच खाली करता करता म्हणाले, "फोनला शॉक बसत नाही रे, मला बसतो."

नंतर मी स्क्रीन नीट पाहिली. तिथे ०.० नव्हतं, −०.० होतं. उणे शून्य! दहा सेकंदांनी तिथेच चोवीस अंकी राक्षसी आकडा आला, आणि पुन्हा −०.०. मीटर बिघडलेला नव्हता, तारही तुटलेली नव्हती. मीटरने प्रत्येक वेळी बरोबर उत्तर दिलं होतं. चूक माझ्या प्रोग्राममध्ये होती. ती काय होती हे कळायला मॉडबस आतून समजून घ्यावं लागतं. आज आपण तेच करणार आहोत.

मॉडबस म्हणजे काय?

फोनला ब्लूटूथ, वाय-फाय अशा भाषा येतात, तशा कारखान्यातल्या यंत्रांच्याही भाषा असतात. प्रोफिनेट, कॅन, ओपीसी यूए ही त्यातली काही नावं. मॉडबस ही त्यातली सगळ्यात साधी आणि सगळ्यात जुन्यांपैकी एक. मॉडिकॉन या अमेरिकन कंपनीने १९७९ मध्ये ती स्वतःच्या पीएलसीसाठी, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या औद्योगिक कॉम्प्युटरसाठी, बनवली. मॉडिकॉन हा ब्रँड आज श्नायडर इलेक्ट्रिककडे आहे, पण मॉडबस कुणा एका कंपनीचं राहिलेलं नाही. त्याचे नियम सगळ्यांना खुले आहेत आणि वापरायला पैसे लागत नाहीत. म्हणून वीज मीटर, तापमान कंट्रोलर, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह, सोलर इन्व्हर्टर, जनरेटर अशा हजार वस्तूंमध्ये ते आजही सापडतं.

मॉडबसचं काम कसं चालतं ते शाळेतल्या हजेरीसारखं समजा. बाई एकेक नंबर पुकारतात. ज्याचा नंबर, तोच उत्तर देतो, बाकीचे गप्प. आपण होऊन कुणी बोलायचं नाही. इथे बाईंच्या जागी आपलं सॉफ्टवेअर असतं आणि मुलांच्या जागी उपकरणं. जुन्या पुस्तकांत यांना मास्टर आणि स्लेव्ह म्हटलेलं दिसेल. २०२० पासून मॉडबसची संस्था क्लायंट आणि सर्व्हर हे शब्द वापरते. गंमत म्हणजे इथे सर्व्हर म्हणजे मोठं मशीन नव्हे, पॅनलमधला तळहाताएवढा मीटर म्हणजे सर्व्हर.

उपकरणांचे नंबर १ ते २४७. शून्य नंबर पुकारला तर तो सगळ्यांसाठीचा हुकूम, त्याला कुणीच उत्तर देत नाही.

तार कोणती?

दोन प्रकार सगळ्यात जास्त दिसतात.

१. मॉडबस आरटीयू: हा बहुतेक वेळा आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवर चालतो. वेग कमी ठेवला तर तार १,२०० मीटरपर्यंत नेता येते. एका जोडीवर साधारण ३२ उपकरणं बसतात, नव्या चिप असतील तर त्याहून जास्त. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावतात, नाहीतर सिग्नल टोकावर आपटून परत येतो आणि संदेश खराब होतो. लॅपटॉपला जोडायला यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर मिळतो.

२. मॉडबस टीसीपी: हाच संवाद नेटवर्कच्या केबलवरून किंवा वाय-फायवरून. ठरलेला पोर्ट ५०२. गेटवे नावाची एक डबी मिळते, ती एका बाजूला आरएस-४८५ आणि दुसऱ्या बाजूला नेटवर्क जोडते. माझ्या वर्कशॉपमध्येही अशीच डबी होती.

आरटीयूमध्ये पहिली अडचण बहुतेक वेळा सेटिंगची असते. वेग, म्हणजे बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट दोन्हीकडे तंतोतंत सारखे हवेत. एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे १९२०० असेल तर काहीच उत्तर येणार नाही. दुसरी अडचण तारांची. टर्मिनलवर ए आणि बी लिहिलेलं असतं, पण सगळ्या कंपन्या ती अक्षरं एकाच अर्थाने वापरत नाहीत. सेटिंग बरोबर असून उत्तर येत नसेल तर दोन तारा अदलाबदल करून बघा. त्याने काही जळत नाही.

उपकरणाच्या आत काय असतं?

मॉडबसच्या नजरेतून प्रत्येक उपकरण म्हणजे नंबर टाकलेल्या खणांचं कपाट. खण चार प्रकारचे:

- कॉइल: फक्त चालू किंवा बंद. वाचता येतं, बदलताही येतं.
- डिस्क्रीट इनपुट: चालू किंवा बंद, पण फक्त वाचायला.
- इनपुट रजिस्टर: आकडा, फक्त वाचायला.
- होल्डिंग रजिस्टर: आकडा, वाचायला आणि लिहायला.

एका रजिस्टरमध्ये १६ बिट, म्हणजे ० ते ६५,५३५ एवढाच आकडा मावतो. हे लक्षात ठेवा, उणे शून्याचं मूळ इथेच आहे.

कोणत्या खणाचं काय करायचं हे फंक्शन कोडने सांगतात. रोजच्या कामाला एवढे पुरतात:

- ०१: कॉइल वाचा
- ०२: डिस्क्रीट इनपुट वाचा
- ०३: होल्डिंग रजिस्टर वाचा (एका वेळी जास्तीत जास्त १२५)
- ०४: इनपुट रजिस्टर वाचा
- ०५: एक कॉइल लिहा
- ०६: एक रजिस्टर लिहा
- १६: अनेक रजिस्टरं लिहा

आता महत्त्वाचं: कोणत्या खणात काय ठेवलंय हे मॉडबस सांगत नाही. "या खणात व्होल्टेज आहे" असं लेबल तारेवरून कधीच येत नाही, येतो तो फक्त आकडा. त्याचा अर्थ उपकरणाच्या मॅन्युअलमधल्या रजिस्टर मॅपमध्ये असतो. म्हणून या कामात कोडपेक्षा मॅन्युअल जास्त वाचावं लागतं.

एक संदेश उलगडून पाहू

प्रोग्राम म्हणजे काही जादू नाही. मॉडबस टीसीपीवर "१ नंबरच्या मीटरमधली पहिली दोन होल्डिंग रजिस्टरं दे" असं म्हणायला फक्त हे १२ बाइट पाठवायचे (हे हेक्स, म्हणजे सोळाच्या पद्धतीत लिहिले आहेत):

०० ०१ ०० ०० ०० ०६ ०१ ०३ ०० ०० ०० ०२

- ०० ०१: प्रश्नाचा अनुक्रमांक. उत्तरात हाच परत येतो, म्हणजे कोणतं उत्तर कोणत्या प्रश्नाचं ते कळतं.
- ०० ००: मॉडबससाठी नेहमी शून्य.
- ०० ०६: यापुढे सहा बाइट आहेत.
- ०१: उपकरणाचा नंबर.
- ०३: फंक्शन कोड, होल्डिंग रजिस्टर वाचा.
- ०० ००: शून्याव्या खणापासून.
- ०० ०२: दोन खण.

आरटीयूमध्ये पहिले सहा बाइट नसतात. त्याऐवजी शेवटी दोन बाइटचा सीआरसी असतो, म्हणजे संदेश वाटेत बिघडला का हे तपासायची बेरीज-वजाबाकी. संदेश संपला हे कळायला तारेवर साडेतीन अक्षरांइतकी शांतता ठेवतात. ९६०० च्या वेगाला ती साधारण ४ मिलिसेकंद होते.

आता मीटरचं उत्तर:

०० ०१ ०० ०० ०० ०७ ०१ ०३ ०४ ४३ ६६ ८० ००

सुरुवात ओळखीची आहे. ०४ म्हणजे पुढे चार बाइट माहिती. खरी माहिती शेवटची: ४३ ६६ आणि ८० ००. ही दोन रजिस्टरं.

उणे शून्याचं रहस्य

व्होल्टेज २३०.५ असेल तर ते दशांशासकट एका रजिस्टरमध्ये मावत नाही. म्हणून बरेच मीटर ३२ बिटची दशांश संख्या, म्हणजे फ्लोट, दोन शेजारच्या रजिस्टरांत अर्धी अर्धी ठेवतात. ४३ ६६ ८० ०० हे चार बाइट सलग वाचले की बरोबर २३०.५ होतात.

पण कोणता अर्धा भाग आधी ठेवायचा हे मॉडबसच्या नियमांत ठरलेलंच नाही. काही उपकरणं मोठा अर्धा आधी पाठवतात, काही लहान. माझ्या प्रोग्रामने क्रम उलटा धरला आणि ८० ०० ४३ ६६ असं वाचलं. फ्लोटच्या हिशोबात सुरुवातीचा ८० म्हणजे उणे चिन्ह आणि पुढचा आकडा शून्याच्या इतका जवळ की दशांशचिन्हानंतर चाळीस शून्यं. एका दशांशापर्यंत गोल केलं की स्क्रीनवर −०.०. व्होल्टेज २३०.४ झालं की तेच चार बाइट उलट वाचून चोवीस अंकी संख्या.

म्हणजे मीटर म्हणत होता "२३०", माझा प्रोग्राम म्हणत होता "शून्य", आणि मी काकांना म्हणत होतो "हात घाला." सीआरसी, केबल, नेटवर्क यातलं काहीच ही चूक पकडू शकत नव्हतं, कारण वाटेत एकही बिट बदललेला नव्हता.

प्रोग्राम लिहिताना कुठे ठेच लागते?

पायथनमध्ये पायमॉडबस आणि मिनिमलमॉडबस या लायब्ररी फुकट मिळतात. वरचे बाइट हाताने जुळवावे लागत नाहीत. जोडणी उघडायची, "एवढ्या नंबरपासून एवढी रजिस्टरं वाच" म्हणायचं, आकड्यांची यादी हातात येते. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

एकचा फरक. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं असेल तर तारेवर बहुधा ० पाठवायचा असतो. सुरुवातीचा ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर, आणि मोजणी १ पासून. पण काही मॅन्युअलमध्ये थेट तारेवरचा नंबरच छापतात. एक खण चुकला की एका संख्येचा अर्धा भाग आणि पुढच्या संख्येचा अर्धा भाग जोडला जातो, आणि काहीतरी आकडा येतोच.

दशांश कुठे आहे? फ्लोटऐवजी अनेक उपकरणं साधा पूर्णांक देतात आणि दशांशचिन्ह मॅन्युअलमध्ये ठेवतात. रजिस्टरमध्ये २३०५, अर्थ २३०.५.

उणे संख्या. कोल्ड स्टोरेजचं तापमान −५ असताना प्रोग्राम ६५,५३१ दाखवत असेल तर घाबरू नका. तो आकडा चिन्हासकट वाचायचा आहे हे प्रोग्रामला सांगायचं राहिलंय.

उपकरणाचा नकार. प्रश्न चुकला तर उपकरण फंक्शन कोडमध्ये १२८ मिळवून परत पाठवतं आणि पुढे कारण देतं: १ म्हणजे हे फंक्शन मला येत नाही, २ म्हणजे हा खण माझ्याकडे नाही, ३ म्हणजे ही किंमत चालणार नाही. ०३ च्या प्रश्नाला १३१ आलं तर निराश होऊ नका. उलट आनंदाची गोष्ट आहे: तार, वेग, नंबर सगळं बरोबर आहे, फक्त प्रश्न सुधारायचाय.

उत्तरच नाही. ९६०० च्या वेगाला दोन रजिस्टरांचा एक प्रश्न आणि उत्तर तारेवर साधारण २० मिलिसेकंद घेतात, शिवाय उपकरणाला विचार करायला थोडा वेळ. पण एक उपकरण बंद असेल आणि तुम्ही एक सेकंद वाट बघत बसलात तर त्याच्या मागची सगळी रांग खोळंबते. वाट बघायची मर्यादा ठरवा, आणि ती संपली की स्क्रीनवर जुना आकडा ठेवू नका. "माहिती नाही" असं लिहा. शिळा आकडा ताजा म्हणून दाखवणं हे शून्य दाखवण्याइतकंच वाईट.

लायब्ररीची आवृत्ती. पायमॉडबसमध्ये उपकरणाचा नंबर द्यायच्या जागेचं नाव आवृत्तीगणिक बदललंय. नेटवरून जुना कोड उचलला की एरर येते ती बहुतेक यामुळे. आपल्या आवृत्तीची माहिती उघडून बघा.

आता मी एक नियम पाळतो: आधी ओळखीचा आकडा शोधायचा. मीटरच्या डिस्प्लेवर २३१ दिसतंय, मग माझ्या प्रोग्राममध्येही २३१ च आलं पाहिजे. शिवाय प्रत्येक आकड्याला शक्यतेची सीमा घालायची. फ्रिक्वेन्सी ५० च्या आसपास नसेल किंवा व्होल्टेज चोवीस अंकी असेल तर प्रोग्रामने "वाचन संशयास्पद" म्हणायचं, आकडा छापायचा नाही.

फोनवर सराव करायचाय?

मीटर, कन्व्हर्टर काहीही नसताना शिकता येतं. अँड्रॉइडवर टर्मक्स हे ॲप एफ-ड्रॉइडवरून घ्या. त्यात पायथन टाका आणि पिपने पायमॉडबस. मग टर्मक्सची दोन सेशन उघडा. एकात खोटं उपकरण, म्हणजे सर्व्हर, चालवा. दुसऱ्यातून त्याला प्रश्न विचारा. पोर्ट ५०२ ऐवजी ५०२० घ्या, कारण १०२४ च्या खालचे पोर्ट साध्या ॲपला उघडता येत नाहीत. पत्ता १२७.०.०.१, म्हणजे आपलाच फोन.

सर्व्हरच्या पहिल्या दोन रजिस्टरांत १७२५४ आणि ३२७६८ भरा. हे वरचेच ४३ ६६ आणि ८० ००, दहाच्या पद्धतीत. ते वाचून पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलने फ्लोट करा. २३०.५ आलं की क्रम उलटा करा आणि माझं उणे शून्य स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ही चूक फोनमध्ये करून बघितलेली बरी, पॅनलसमोर नको.

वाचणं वेगळं, लिहिणं वेगळं

इथपर्यंत आपण फक्त वाचत होतो. ०५, ०६ आणि १६ हे कोड आले की खेळ बदलतो, कारण आता यंत्र हलतं. समजा भट्टीचं तापमान १८० अंश ठेवायचंय आणि तुम्ही रजिस्टरमध्ये १८० लिहिलं. कंट्रोलर एक दशांश धरणारा असेल तर त्याला ते १८.० वाटेल, हीटर बंद होतील आणि माल कच्चा राहील. आता उलट विचार करा: कंट्रोलर दशांश न धरणारा आणि तुम्ही लिहिलं १८००. तिथे कंट्रोलरमधली वरची मर्यादाच काय ती वाचवेल.

आणि ही भाषा हुकूम देणाऱ्याला "तू कोण?" असं विचारतच नाही. मूळ मॉडबसमध्ये पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही. १९७९ साली तार एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायची, तेव्हा ते चालून गेलं. आज तीच भाषा इंटरनेटला जोडली जाते. जानेवारी २०२४ मध्ये युक्रेनच्या लव्हीव शहरात कडाक्याच्या थंडीत ६०० हून अधिक निवासी इमारतींची हीटिंग जवळपास दोन दिवस बंद पडली. ड्रॅगोस या सुरक्षा कंपनीने त्यामागच्या सॉफ्टवेअरला फ्रॉस्टीगूप असं नाव दिलं. ते हीटिंग कंट्रोलरना पोर्ट ५०२ वरून साधे मॉडबस हुकूम पाठवत होतं. कंट्रोलर चुकीची मापं दाखवू लागले आणि यंत्रणा कोलमडली. भाषा तीच, जी तुम्ही आत्ता फोनवर शिकताय.

२०१८ मध्ये मॉडबसची सुरक्षित आवृत्ती आली. ती टीएलएस वापरते आणि तिचा पोर्ट ८०२ आहे. पण लावलेली जुनी उपकरणं तशीच राहतात. म्हणून:

- मॉडबसचं उपकरण किंवा गेटवे थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नका. राउटरवर पोर्ट ५०२ बाहेरून खुला करू नका. लांबून बघायचं असेल तर व्हीपीएन वापरा.
- यंत्रांचं नेटवर्क ऑफिसच्या वाय-फायपासून वेगळं ठेवा.
- फक्त बघायचं असेल तर प्रोग्राममध्ये लिहिणारे फंक्शन ठेवूच नका. गेटवेमध्ये लिहिणं बंद करायची सोय असेल तर ती वापरा.
- लिहायचंच असेल तर आधी जुनी किंमत वाचून नोंदवा, सीमा तपासा, लिहा, मग पुन्हा वाचून खात्री करा. आणि यंत्रापाशी माणूस उभा असू द्या.
- दुसऱ्याच्या उपकरणाला परवानगीशिवाय हात लावू नका, नुसतं वाचायलासुद्धा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार तो गुन्हा ठरू शकतो.
- इमर्जन्सी स्टॉप, फ्यूज, मेन स्विच ही कामं सॉफ्टवेअरवर सोपवू नका. सप्लाय बंद आहे की नाही हे टेस्टर किंवा मल्टिमीटरने ठरतं, स्क्रीनने नाही.

थोडक्यात

मॉडबस म्हणजे खणांचे नंबर आणि खणांतले आकडे, बस. प्रश्न बरोबर विचारला की उपकरण इमानदारीने उत्तर देतं. मात्र त्या आकड्याचा अर्थ काय, क्रम कोणता, दशांश कुठे, आणि हुकूम द्यायचा की नाही, हे सगळं प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या माथी असतं.

त्या दिवशी मी प्रोग्राममधली एकच ओळ बदलली आणि स्क्रीनवर २३०.५ आलं. काकांना दाखवलं. त्यांनी मल्टिमीटर लावून ताडून बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "आता जुळतंय. पण उद्याही मी मीटर लावूनच बघणार." मी हो म्हणालो. मीही आता तेच करतो.